गादीवाफ्यावर रोपं किती दाट लावावीत?

प्रश्न : आम्ही चिखली तालुक्यात राहतो. घरामागे अर्धा गुंठा जागा मोकळी आहे, माती काळी आहे. परदेशात लाकडी चौकटी करून, त्यात माती भरून उंच वाफे करतात आणि भाजीची रोपं अगदी अंगाला अंग लावून लावतात, असं मी पाहिलं. पीकही भरघोस दिसतं. माझ्या सासूबाई म्हणतात, "दाट लावलं की सगळं किडकिडीत येतं, अन् उंच वाफा उन्हाळ्यात करपून जातो." कोणाचं ऐकावं?

उत्तर : ताई, सासूबाईंचं ऐका, पण वाफा उंच कराच. दोन्ही एकाच वेळी जमतं, कारण त्या सांगतात ती अडचण उन्हाळ्यातली आहे आणि उंच वाफ्याचा खरा उपयोग पावसाळ्यात आहे. दाटीचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते मेथीला वेगळं आहे, कांद्याला वेगळं आणि वांग्याला अगदीच वेगळं.

आधी उंचीचं बघू. उंच वाफा ही बाहेरून आलेली नवलाई नाही. कांद्याचं, मिरचीचं, वांग्याचं रोप टाकायचं तर आपल्याकडे गादीवाफाच करतात. बी पेरल्यावर दोन दिवस झड लागली आणि वाफ्यात पाणी साचलं, तर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. तुमच्या सासूबाईंनीही रोपासाठी असा वाफा केलेलाच असेल. प्रश्न एवढाच की रोपाला जे मिळतं ते मोठ्या झाडाला का मिळू नये.

काळ्या मातीत तर ते मिळायलाच हवं. ही माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. मार्च-एप्रिलमध्ये हिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पहिले पाऊस त्या भेगांमधून थेट खाली जातात, पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग अगदीच कमी होतो. मग श्रावणात चार दिवस संततधार लागली की मुळांभोवतीची हवा संपते. झाड हिरवं असूनही मलूल दिसतं, खालची पानं पिवळी पडतात. पुष्कळांना वाटतं खत कमी पडलं, आणि ते युरिया टाकतात. खरं तर मुळांचा श्वास कोंडलेला असतो. अशा वेळी वाफा वीतभर उंच असेल, तर वरच्या थरातलं जादा पाणी बाजूच्या सरीत उतरतं आणि मुळांना हवा मिळते.

याच काळ्या मातीवर हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे, 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत पद्धतशीर काम झालं. खोल काळ्या जमिनी पावसाळ्यात चिखलामुळे पडीक ठेवायच्या आणि पाऊस सरल्यावर ओलीवर रब्बी घ्यायची, हा जुना रिवाज होता. साधारण एक मीटर रुंद वरंबा आणि त्याच्या शेजारी अर्धा मीटर सरी अशी रचना केली, तर पावसाळ्यातलंही पीक घेता येतं, हे तिथे दिसून आलं. आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या बीबीएफ यंत्रानं सोयाबीन पेरतात, ते याच रुंद वरंबा-सरीचं रूप. देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची, टमाटे, काकडीचं बीजोत्पादन चालतं, तिथेही गादीवाफा, ठिबक आणि मल्चिंग पेपर ही नेहमीची मांडणी. कधी त्या बाजूला जाणं झालं, तर एखाद्या शेडनेटमध्ये जरूर डोकावा. वाफ्यावर कधीच पाय पडत नाही म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

पायाचा हा मुद्दा फार मोठा आहे आणि तो नेहमी सुटतो. ओल्या काळ्या मातीवर माणूस चालला की ती दबते आणि सुकल्यावर विटेसारखी होते. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, ती यासाठी. दोन्ही बाजूंनी सरीत बसून हात मधोमध पोचला पाहिजे. निंदायला, तोडायला वाफ्यावर चढावं लागलं, तर उंच वाफा केल्याचा अर्धा फायदा तिथेच गेला. सरी दीड फुटाची ठेवा. तीत खुरपं घेऊन बसता येतं, घमेलं ठेवता येतं. याहून अरुंद सरी कागदावर जागा वाचवते, पण निंदणाऱ्या बाईची कंबर मोडते, आणि परसबागेत निंदायला कोण बसतं ते आपल्याला ठाऊक आहे.

चौकट लाकडाची करू नका. आपल्याकडे एका पावसाळ्यात तिला वाळवी लागेल. कडा तिरक्या उतरत्या ठेवल्या तर मातीचा वाफा आपोआप उभा राहतो. कडा ढासळतच असेल तर पडक्या भिंतीच्या विटा, फरशीचे तुकडे, वावरातले दगड लावा. आणि बाहेरून माती विकत आणायचीही गरज नाही. याचा हिशेब सोपा आहे. चार फुटी म्हणजे 120 सेंटिमीटरचा वाफा आणि दीड फुटी म्हणजे 45 सेंटिमीटरची सरी धरा. सरी 15 सेंटिमीटर खोल खणून ती माती वाफ्यावर पसरली, तर वाफा साधारण साडेपाच सेंटिमीटरच चढतो. पण सरी 15 सेंटिमीटर खाली गेलेली असते, म्हणून दोघांतला फरक वीस सेंटिमीटरचा होतो. शेणखत मिसळलं आणि माती खणून मोकळी झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर वाढतात. आपल्याला एवढीच उंची पुरे. सरीचा उतार मात्र एका टोकाकडे काढून द्या, नाहीतर सरीतच तळं साचेल.

वाळू मिसळून काळी माती हलकी करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. फरक पडावा इतकी वाळू घालायची, तर ट्रॉल्या लागतात, आणि थोडी घातली तर उपयोग शून्य. काळी माती मोकळी करते ती कुजलेली वस्तू : शेणखत, कंपोस्ट, सोयाबीनचं कुटार, पालापाचोळा. शेणखत हाताला मातीसारखं लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. कच्चं घातलं तर त्याबरोबर हुमणी येते. कुटार घालायचं तर उन्हाळ्यातच शेणाच्या पाण्यात भिजवून मातीत गाडा. ऐन लागवडीच्या वेळी ताजं कुटार मिसळलं, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपं पिवळी राहतात. पऱ्हाटीचे तुकडे वाफ्याच्या तळाशी घालणारेही आहेत. चालतं, पण त्यावरची किडकी बोंडं आधी तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या वावरात निघते.

घर डोंगराच्या कडेला असतं आणि जमीन मुरमाड असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. तशा जमिनीला तलावाचा गाळ फार मानवतो. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आणि 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेनं जिल्ह्यात केलेल्या कामांत असा गाळ पुष्कळ शेतांवर पडला. तुमच्या काळ्या मातीवर मात्र गाळ म्हणजे चिकणमातीत आणखी चिकणमाती. तो नको.

आता दाटी. सासूबाई म्हणतात ते शास्त्रानं मोजून ठेवलेलं आहे. जपानमध्ये 1950 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकाच आकाराच्या जागेत कमी-जास्त रोपं लावून त्यांचं वजन केलं. सुरुवातीला रोपं वाढवली तसं एकूण वजन वाढत गेलं. एका मर्यादेनंतर मात्र रोपं कितीही वाढवा, एकूण वजन तेवढंच. फक्त प्रत्येक रोप लहान होत गेलं. जागेत जेवढं ऊन, पाणी आणि खत आहे तेवढ्याचंच ते वाटून घेतात. वाटेकरी वाढले की वाटा घटतो.

हे एकदा लक्षात आलं की कोणत्या भाजीला दाटी चालते ते आपोआप कळतं. मेथी, पालक, सांभार यांचं सगळं झाडच आपण खातो. झाड लहान राहिलं तरी काही बिघडत नाही, उलट कोवळं मिळतं. तिथे दाट पेरा, चार बोटांवर ओळी ठेवा, मनसोक्त. कांद्याचं तसं नाही. शिफारशीप्रमाणे 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावला तर एका चौरस मीटरमध्ये 66 कांदे बसतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा रुंद गादीवाफाही 120 सेंटिमीटर माथ्याचा, 15 सेंटिमीटर उंचीचा आणि 45 सेंटिमीटर सरीचा आहे. म्हणजे तुमच्या परसातलं रुंदीचं माप आणि त्यांचं माप एकच. याहून दाट लावलेत तर कांदे जास्त निघतील, पण गोळ्यांएवढे. घरी भाजीत पातीसकट वापरायचे असतील तर तेही चालेल. कोबी-फुलकोबीला आकारच लागतो. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत आणलं की कोबीचा गड्डा लहान राहतो. आणि वांगी, टमाटे, मिरची, भेंडी यांना दाटी सर्वांत जास्त नडते. झाड आधी स्वतःचा जीव जगवतं आणि मग उरलं तर फळ धरतं. दाटीत ते उरलेलंच संपतं.

फळभाज्यांत दाटीचा आणखी एक धोका आहे, हवेचा. पावसाळ्यात पानं रात्रभर ओली राहिली की करपा येतो, थंडीत कोंदट जागी भुरी येते. टमाट्याचं झाड काठीला बांधून वर चढवा आणि बुडाची वीतभर पानं काढून टाका, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरवरही खालून वारा खेळतो. वांग्याला मी साठच्या खाली जाणार नाही. आपल्याकडच्या भरताच्या वांग्याचं झाड चांगलं पसरतं, त्याला पसरू द्या.

रोपं चौकोनात न लावता तिरक्या ओळींत, म्हणजे दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर तिसरं, अशी लावली तर तेवढ्याच अंतरावर साधारण पंधरा टक्के रोपं जास्त बसतात. भूमितीत हे पक्कं आहे. पण चार फुटी वाफ्यात कडेलाच जागा वाया जाते आणि कोबीसारख्या मोठ्या झाडाच्या तीनच ओळी होतात, तिथे हा फायदा जवळपास बुडतो. लसूण, कांदा, बीट यांना तो मिळतो. त्यासाठी फार जीव टाकू नका.

खरी दाटी साधायची ती वेळेची. वांग्याचं रोप लावल्यापासून पहिले पाच-सहा आठवडे त्याच्या भोवतीची जमीन उघडीच असते. तिथे ऊन पडतं आणि फुकट जातं, तण उगवतं. त्याच दिवशी दोन रोपांच्या मधे मेथी, मुळा, सांभार पेरा. मेथी महिन्याभरात निघते, मुळा आणि सांभार साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. वांगं हातपाय पसरेपर्यंत पाहुणे उठून गेलेले असतात. कपाशीच्या वावरात तुरीचं तास ठेवायचं, कडेनं अंबाडी लावायची, मधे चवळी अन् वाळकाचे वेल सोडायचे, हे आपल्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं ते याच समजुतीनं. एकाची मुळं खोल, दुसऱ्याची वर, एक लवकर निघणारं, एक शेवटपर्यंत राहणारं. परसातल्या वाफ्यावर हेच लहान प्रमाणात करायचं आहे, आणि हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत असणार. त्यांनाच विचारा, कुणाच्या शेजारी कोण लावायचं.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत खोल विचार केला तो श्री. अ. दाभोलकरांनी. ते गणिताचे प्राध्यापक, कोल्हापुरात राहणारे. त्यांच्या प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांनी तासगावकडे द्राक्षांत मोठं काम केलं. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक मिळालं तर वाचा. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते, हे त्यांनी मांडलं. त्यांचा हिशेब रोपं किती असा नव्हता, पानं किती असा होता. जमिनीवर पडणारं ऊन हिरव्या पानावर पडलं पाहिजे, उघड्या मातीवर नको आणि दुसऱ्या पानाच्या सावलीतल्या पानावरही नको. परसात हे तपासायची सोपी रीत आहे. दुपारी बारा वाजता वाफ्याजवळ उभं राहा आणि माती किती दिसते ते बघा. पुष्कळ माती दिसली तर जागा रिकामी आहे, काहीतरी पेरा. खालची पानं पिवळी पडून गळताना दिसली तर गर्दी झाली आहे, उपटा. उपटायला जीव होत नाही हे मला कळतं, पण मुळा, गाजर, पालक यांची विरळणी वेळेवर केली नाही तर सगळ्यांचंच नुकसान होतं. उपटलेली कोवळी रोपं भाजीत घाला. दाभोलकरांच्या विचारातूनच पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा इथे अमृतमातीचे ढीग करून त्यांवर दाट मिश्र लागवड केली. त्यांच्याकडे दाटी यशस्वी झाली त्याचं मूळ त्या मातीत आहे, जी पालापाचोळा थरावर थर कुजवून महिनोन्‌महिने खपून तयार केलेली असते. परदेशी वाफ्यांचीही तीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी एवढ्याशा जागेत वर्षभर भाजी काढत, ती शहरातल्या घोड्यांच्या लिदीच्या जोरावर. लीद फुकटात गाडे भरभरून मिळायची. चित्रात आपल्याला रोपं दिसतात, लिदीचे गाडे दिसत नाहीत.

आणि पाणी. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे बरोबर एक लिटर. तुमचा वाफा चार फूट बाय दहा फुटांचा धरला, तर तो सुमारे 3.7 चौरस मीटर. डिसेंबर-जानेवारीत भरल्या वाफ्याला दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागतं, म्हणजे एक मोठा गुंड, बारा-पंधरा लिटर. मे महिन्यात आपल्याकडे बाष्पीभवन दिवसाला दहा-बारा मिलिमीटरवर जातं. मग त्याच वाफ्याला चाळीस लिटरच्या आसपास, म्हणजे तीन गुंड. आणि उंच वाफा कडेनंही सुकतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच. जिथे नळाला पाणी दिवसाआड किंवा आठवड्यानं येतं, तिथे हे परवडत नाही. सासूबाई करपण्याचं म्हणतात ते इथे येऊन लागू पडतं.

म्हणून आपल्या भागात वाफ्याची उंची ऋतूप्रमाणे बदलायला हवी. जून ते सप्टेंबर गादीवाफा. आपल्याकडचा सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा याच महिन्यांत पडतो. दसऱ्यानंतर त्याच वाफ्यावर रब्बीच्या भाज्या, पण आता कुटाराचं दोन-तीन बोटं जाड आच्छादन घालून. आणि फेब्रुवारीच्या शेवटी वाफ्याचा माथा मधे उकरून, कडा वर ठेवून त्याचा खोलगट वाफा करायचा. पाणी मधेच राहतं, कडांची सावलीही मिळते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर झुनी लोक शतकानुशतकं असेच, चारही बाजूंनी मातीचा बांध असलेले लहान खोलगट चौकोन करून मका अन् भाज्या पिकवत आले. उन्हाळ्यात सगळे वाफे चालवायचा हट्ट धरू नका. एक-दोन ठेवा आणि बाकीच्यांवर कुटार पसरून त्यांना विश्रांती द्या.

एक राहिलं. दोडका, कारलं, वाल यांचा मांडव वाफ्यांच्या उत्तरेच्या कडेला घाला. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य दुपारीही दक्षिणेला बराच कललेला असतो आणि सहा फुटी मांडवाची सावली भर दुपारी जवळपास सहा फूट पडते. दक्षिणेला घातलात तर शेजारचा आख्खा वाफा सावलीत जाईल.

प्रश्न : आम्ही शेगाव तालुक्यात, खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरचं पाणी खारं आहे. वाफा उंच केला तर वर पांढरी बुरशी येते आणि रोपं जळतात. आमच्याकडे गादीवाफा करावा की नाही?

उत्तर : ती बुरशी नाही, मीठ आहे. जिभेला लावून बघितलं तरी कळेल. अकोला, अमरावती आणि आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातली माती मुळातच क्षारयुक्त, निचरा कमी, आणि खालचं पाणीही खारं. वाफ्याच्या उंच भागातून पाणी उडून जातं तेव्हा ते खालचे क्षार वर ओढून आणतं आणि माथ्याच्या मध्यभागी सोडून जातं. सरीतून पाणी दिलं की दोन्ही बाजूंनी क्षार मधे ढकलले जातात, म्हणून सर्वांत पांढरा पट्टा मधोमध दिसतो. घाटावरच्या माणसाला मी वाफा भरून लावायला सांगीन, तुम्हाला मात्र मधला पट्टा सोडून द्या म्हणेन. रोपं दोन्ही खांद्यांवर लावा, माथ्याच्या कडेपासून थोडी खाली, जिथून पाणी जवळ आणि मीठ लांब.

पावसाळ्यात गादीवाफा तुमच्या हिताचा आहे, कारण पावसाचं गोडं पाणी वरून उतरताना क्षार धुऊन नेतं आणि उंचीमुळे त्याला जायला वाट मिळते. उन्हाळ्यात खाऱ्या पाण्यावर भाजी करू नका. त्या पाण्यावर एक हंगाम भाजी निघेल, पण माती कडक होऊन बसेल आणि ती पुन्हा सुधारायला वर्षं जातील. रब्बीत करायचं तर छपराचं पावसाचं पाणी टाकीत साठवा. शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस झाला की दोनशे लिटरहून जास्त पाणी पडतं. त्यात थोडं बोअरचं मिसळून द्या आणि आच्छादन जाड ठेवा. आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होतं, म्हणून मीठही वर कमी येतं.

पिकांची निवडही बघा. घेवडा, गाजर, कांदा, मुळा यांना क्षार अजिबात सोसत नाहीत. गवार चांगली तग धरते, बीटही धरतं. त्यांच्यापासून सुरुवात करा. जिप्समचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेलं सोडियम सोडवतं आणि मग पावसाचं पाणी ते वाहून नेतं. पण किती घालायचं हे मातीच्या परीक्षणाशिवाय ठरवता येत नाही, आणि निचऱ्याची वाट काढलेली नसेल तर सोडियम सुटूनही तिथेच राहतं. जळगाव जामोद आणि बुलढाणा इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एप्रिल-मेमध्ये मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा असे दोन्ही नमुने घेऊन जा. नुसती माती नेऊन भागत नाही.

प्रश्न : गादीवाफा दर वर्षी खचतो. दर वर्षी नवी माती घालावी लागते का?

उत्तर : खचते ती माती नव्हे. घातलेलं शेणखत आणि कुटार कुजून पिकाच्या पोटात गेलं म्हणून वाफा बसतो, आणि हे चांगलं लक्षण आहे. काही माती पावसानं सरीत वाहून येते, ती मे महिन्यात फावड्यानं ओढून पुन्हा वर चढवा. चार बाय दहाच्या वाफ्याला दर हंगामात दोन घमेली कुजलेलं शेणखत वरच्या चार बोटांत मिसळलं की पुरतं. पूर्ण वाफा दर वर्षी टिकासानं उलटापालटा करू नका. पहिल्या वर्षी खोल खणलंत तेवढं बस. ओली असताना काळी माती मुळीच खणू नका, ढेकळं होतील आणि ती फोडता फोडता हंगाम निघून जाईल. मूठभर माती दाबून बघा. लाडू वळला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला, तर खणा. टिचकीनं नुसता खड्डा पडला, तर आणखी तीन-चार दिवस थांबा.